दादाची गाडी जागची हलली नाही

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. तरी सांगतो, कारण खरं बोलायची वेळ माझ्यावर क्वचितच येते.

माझ्या थोरल्या भावाला एका रविवारी थेट घराच्या दारात गाडी लावायला जागा मिळाली. तेव्हापासून सदर वाहन जागचं हललं नाही. दादा कचेरीत पायी जाऊ लागला, सासुरवाडीला बसने. पावसात भिजून आला की गाडीत बसून डोकं पुसायचा. वहिनीने टोकलं, तर म्हणाला, "गाडी कुणीही घेईल गं. जागा नशिबात असावी लागते."

वहिनीचे दिवस भरले होते. एका दुपारी कळा सुरू झाल्या. दादा किल्ली घेऊन धावत खाली आला आणि गाडीपाशी थिजला. समोरचे दातांचे डॉक्टर गल्लीत गाडी घेऊन घिरट्या घालत होते. ही जागा सुटायचा अवकाश!

"अहो, मी बाळंत होतेय," वहिनी म्हणाली.

"हो गं. पण परत आल्यावर लावू कुठे?"

जमलेल्या गल्लीने गंभीरपणे माना डोलावल्या. रिक्षावाल्याने तर गल्लीचं नाव ऐकूनच फोन ठेवला होता.

शेवटी वहिनीला गाडीतच मागच्या सीटवर निजवून तिच्या डॉक्टरीणबाईंनाच बोलावलं. त्या तत्परतेने आल्या, पण गाडी लावायला जागा मिळेना. मग त्याही घिरट्या घालू लागल्या. दर फेरीला काच खाली करून एक सूचना द्यायच्या. पहिल्या फेरीला, श्वास घ्या. दुसऱ्या फेरीला, जोर लावा. तिसऱ्या फेरीला त्यांना चौकात सिग्नल लागला, तोवर वहिनीने जोर तसाच धरून ठेवला.

चौथ्या फेरीला बाईंचा चेहरा उतरला. बाळ अडलं होतं. आता खाली उतरून हात लावल्याशिवाय भागणार नव्हतं. दादा किल्ली मुठीत आवळून आभाळाकडे बघत राहिला.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे निवृत्त साहेब खाली आले. त्यांची गाडी निवृत्तीपासून दादाच्या गाडीमागे कव्हर घालून उभी होती. त्यांनी कव्हर काढलं, गाडी बाहेर घेतली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही लावा इथे. मी बघतो दुसरीकडे."

माझी भाची समोर बसून ही गोष्ट इतका वेळ ऐकत होती. फेऱ्या मारणारी डॉक्टरीण तिला पटली, सिग्नलपायी अडलेला जोरही पटला. आता मात्र तिने हात वर केला.

"मामा, थापा पुरे. लावलेली गाडी कुणी काढून देतं का?"