बिनमिठाची लाल पॅटी

"बर्गर म्हणजे काही विषाचा प्याला नाही! सगळा दोष आतल्या पॅटीचा. ती माझ्या ताब्यात द्या आणि मग बघा!"

काटेवाल्यांनी छाती पुढे काढून हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने नुसताच उसासा सोडला. काटेवाल्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. जगातली कुठलीही गोष्ट नीट तोलली की सुधारते, अशी त्यांची ठाम समजूत. लग्नानंतर बायकोलाही त्यांनी असंच सुधारायला घेतलं होतं, पण तो काटा काही त्यांच्या हाताला वळला नाही.

या वेळी प्रश्न सासऱ्यांचा होता. सासरे निवृत्त ट्रकड्रायव्हर. उभा जन्म रस्त्याकडेला बर्गर खाण्यात गेलेला. डॉक्टरीणबाईंनी मीठ आणि चरबी कमी करायला सांगितल्यापासून त्यांचा चेहरा पंक्चर चाकासारखा बसला होता. जावयाला ते बघवेना.

रविवारी काटेवाल्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. उकडलेला राजमा, ओट्स, आणि मटणासारखा रंग यावा म्हणून बीट. एक नाही, अख्खी टोपलीभर बीटं! मीठ? चिमूटभरही नाही. तेल? तव्याला नुसता वास दाखवला. प्रत्येक पॅटी काट्यावर चढवून, ग्रॅमभर जास्त भरली तर कडेने खरवडून, त्यांनी ताटात मांडली.

"यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत, लोह आहे!" ते अभिमानाने म्हणाले.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. "सगळं आहे जावईबापू," ते सौम्यपणे म्हणाले. "चव तेवढी दिसत नाही. जरा तो सॉस द्या बघू."

सॉस गेला. मागोमाग मेयोनीज, मोहरीची पेस्ट आणि लोणच्यातल्या काकड्याही गेल्या. जेवायला आलेला मेहुणा विमा एजंट. त्याने तर पॅटीवर भिंतीला गिलावा करावा तसं मेयोनीज थापलं! पण पाहुणे तिसरा बर्गर मागताहेत म्हटल्यावर काटेवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं, आणि त्यांनी स्वतःही पोटभर बर्गर खाल्ले. बायकोची दातदुखी उफाळली होती, त्यामुळे ती दूध पिऊन लवकर झोपली.

सोमवारी सकाळी काटेवाले बाथरूममध्ये गेले आणि भिंतीला धरून उभे राहिले. सगळं लालेलाल!

आतून काहीतरी फुटलंय, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. बायकोला कशाला घाबरवायचं? "कामावर जातो गं," असं शक्य तितक्या शूरपणे सांगून ते निघाले. दारातून वळून त्यांनी तिच्याकडे असं काही बघितलं की ती म्हणाली, "अहो, डबा विसरलात का?"

दवाखान्यात पोचले तर कोपऱ्यात वर्तमानपत्र उलटं धरून मेहुणा!

"तू इथे?"

"एका गिऱ्हाइकाची पॉलिसी," मेहुणा पांढराफटक पडत म्हणाला. "आणि भाऊजी, तुम्ही?"

"मी... काटा दुरुस्त करायला."

"बरं झालं आलात!" काउंटरवरची बाई ओरडली, आणि तिने कोपऱ्यातला वजनकाटा सरकवत त्यांच्या पुढ्यात आणला. "कधीपासून सगळ्यांना जाडं दाखवतोय!"

मरणाच्या दारात बसून काटेवाले स्क्रू पिळू लागले. तेवढ्यात दार उघडलं आणि सासरे आत आले. हातात कपड्यांची पिशवी, पांघरूण आणि थर्मास. ॲडमिट व्हायच्या तयारीनेच!

"बाबा, तुम्ही?" दोघंही उठले.

"गुडघा," सासरे म्हणाले. जरा थांबून त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यामागे पोरांकडे लक्ष ठेवा."

"मी तरी कुठला उरतोय, बाबा!" काटेवाल्यांचा बांधच फुटला.

"म्हणजे भाऊजी, तुम्हालाही लाल?" मेहुणा किंचाळला.

"तुलाही?" सासरे मटकन खुर्चीत बसले. "देवा, अख्खं घराणंच!"

हा कल्लोळ ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तिघंही एकदम बोलू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काल बीट किती खाल्लंत?"

सासरे आणि मेहुणा एकदमच काटेवाल्यांकडे वळले.

"काही जणांना होतं असं. आपोआप जाईल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सासऱ्यांचं ब्लडप्रेशर तपासलं आणि भुवया चढवल्या. "हे मात्र बीटाने नाही. बर्गरवर काय काय घातलं होतंत?"

सासऱ्यांनी तोलून केलेल्या बिनमिठाच्या पॅटीपासून काकड्यांपर्यंत सगळं प्रामाणिकपणे सांगितलं.

"मेयोनीज म्हणजे जवळजवळ तेलच. सॉसात मीठ आणि साखर, मोहरीत मीठ, काकड्या तर मिठातच मुरलेल्या. पॅटीतून जे काढलं, ते बाटलीतून दुपटीने पोटात गेलं! या पॅटीचं वजन कोणी केलं होतं?"

"मी," काटेवाले पुटपुटले.

"आणि बाटल्यांचं?"

काटेवाल्यांनी मान खाली घालून उरलेला स्क्रू पिळला.

तिघंही बाहेर आले. जावयाचं पडलेलं तोंड सासऱ्यांना बघवेना.

"जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. माझ्यासाठी एवढा खटाटोप केलात. परत एकदा बर्गर कराच!"

काटेवाल्यांचे डोळे चमकले. "खरंच, बाबा?"

"अगदी खरं! पाव फार छान होता," सासरे मनापासून म्हणाले. "सॉस मी थोडाच घेईन. तुम्ही फक्त ती पॅटी तेवढी घालू नका."