बुचाची पर्स आणि आप्पांची कारागिरी

आपल्या हातून आजवर एकही वस्तू बिघडलेली नाही, असं आप्पा छातीठोकपणे सांगत. त्यांच्या दुकानातले रेडिओ आणि मिक्सर बिघडलेलेच असायचे, हे खरं; पण ते तसेच यायचे, त्याला आप्पा काय करणार!

बायकोच्या शिवणाला मात्र त्यांनी हात लावायचा नाही, असा घरातला नियम होता. ती पिशव्या, पाऊच, पर्स शिवायची. जमिनीवर कागदी पॅटर्न पसरले की आप्पांनी बगळ्यासारखं एकेक पाऊल उचलत स्वयंपाकघर गाठायचं.

या वेळची पर्स विहीणबाईंसाठी होती. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. लेकीच्या लग्नापासून आप्पांच्या बायकोने त्यांना कितीतरी गोष्टी स्वतःच्या हाताने करून दिल्या, आणि प्रत्येक गोष्टीला तोच शेरा मिळाला : "बरं आहे." त्याच्या वर एक पायरी चढायची, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिने बुचाचं कापड आणलं होतं. झाडाच्या सालीचं, चामड्यासारखं दिसणारं, हाताला मऊ. खोड एकच : सुई एकदा गेली की भोक जन्माचं. उसवून पुन्हा शिवायची सोय नाही. टाचण्यासुद्धा लावायच्या नाहीत, चिमटे लावायचे.

चुंबकाचं बटण बसवायला पक्कड लागते, म्हणून तेवढंच काम तिने नाइलाजाने आप्पांना दिलं. आप्पांनी पक्कड दाबली आणि बटणाचा पाय तुटला.

दुसरा कुणी असता तर त्याने बायकोला हाक मारली असती. आप्पांनी खण उघडला. त्यात जुन्या लाउडस्पीकरचं गोल चुंबक होतं. ते त्यांनी पर्सच्या पुढच्या बाजूला आतून चिकटवलं, वर फोमचा तुकडा लावला, झाकणात लोखंडी चकती बसवली. टक्! तुरुंगाचं दार लागावं तसं झाकण लागलं. आप्पा स्वतःवरच खूश झाले.

बायको अस्तर शिवायला बसली तेव्हा पर्स सारखी मशीनकडे झेपावू लागली. मशीन आज जड चालतंय, असं ती म्हणाली. आप्पांनी तत्परतेने तेल घातलं.

विहीणबाईंच्या इमारतीत लिफ्टच्या भिंतीला पर्स चिकटून बसली. "ओढू नका हो," बायको पुटपुटली. आप्पांनी ओढली नव्हती, तरी माफी मागितली.

दारातच लेकीने दोघांपुढे सपाता ठेवल्या. काल सासूबाईंच्या हातून टाचण्यांचा डबा सांडला होता, आणि गालिचा अजून सगळ्यांच्या पायांना त्याची आठवण करून देत होता.

विहीणबाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि चष्मा लावून वही तपासावी तशी शिवण तपासली. बायकोने श्वास रोखला. शेवटी त्यांनी झाकण ओढलं. मग जोर लावून ओढलं. झाकण ढिम्म. त्यांनी पर्स चहाच्या ट्रेला टेकवून उभी केली आणि म्हणाल्या, "बरं आहे. उघडत असती तर."

बायकोचा चेहरा पडला. घरी नेऊन बटण सैल करून देते, असं ती कसंबसं म्हणाली. दरम्यान ट्रेमधले चमचे सापडेनात. लेकीने बशा उचलून पाहिल्या. विहीणबाई परीक्षेच्या वर्गात फिरावी तशी नजर सगळ्यांवरून फिरवत होत्या. आप्पांना घाम फुटला.

बायको जायला उठली, तिने पर्स खांद्याला लावली आणि वळली. पर्सवर चमचे लटकत होते, झुमक्यांसारखे किणकिणत. सोबत साखरेचा चिमटाही निघाला होता.

बायकोने खाली पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. ते मात्र आप्पांना बघवेना.

"तिचा काही दोष नाही," ते उठून म्हणाले. "चुंबक माझं आहे. लाउडस्पीकरचं. बटण मी तोडलं आणि सांगितलं नाही."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की आप्पांना आपणच चमचा होऊन कुठेतरी चिकटावंसं वाटलं.

विहीणबाईंनी चमचे एकेक करून सोडवले. मग पट्टा धरून पर्स गालिच्यावर नेली आणि सावकाश फिरवली. टिक्, टिक्, टिक्! गालिच्यातल्या टाचण्या उड्या मारून पर्सला चिकटू लागल्या. बघता बघता पर्सचं साळिंदर झालं. त्यांनी ते उजेडात धरून निरखलं.

"उत्तम," त्या आप्पांकडे बघून म्हणाल्या. "ही इथेच राहू दे."

घरी परतताना आप्पांनी हळूच विषय काढला, की शेवटी 'उत्तम' म्हणाल्या बरं का.

"तुमच्या चुंबकाला," बायको म्हणाली.

सकाळी लेकीचा फोन आला. जावईबापूंनी जोर लावून रात्री झाकण एकदाचं उघडलं होतं. सासूबाईंनी खुशीने चष्मा आत ठेवला आणि झाकण लावलं. आता ते कुणालाच उघडत नव्हतं, आणि चष्म्याशिवाय त्यांना पेपर वाचता येत नव्हता. आप्पांना पक्कड घेऊन बोलावलं होतं. कापडाला भोक मात्र पडता कामा नये.

म्हणजे स्वतःच्या हाताने बिघडवलेली वस्तू आप्पांकडे दुरुस्तीला आली होती. बायकोने फोन खाली ठेवला, पक्कड त्यांच्या हातात दिली आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

"उत्तम," ती म्हणाली.