आमच्या भिंतीवरचे साडेदहा

वेळ ही सार्वजनिक मालमत्ता असली, तरी ती दाखवायला कुणाची तरी खासगी भिंत लागते. कोल्हापुरात ती भिंत आमची. पणजोबांनी घराच्या दर्शनी बाजूला सूर्यघड्याळ रंगवून घेतलं: वर सूर्य (मिशांसकट), खाली आकडे, मधोमध लोखंडी सळई. सळईची सावली ज्या आकड्यावर, तितके वाजले.

१९७४ साली रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आमचा पुढचा सोपा, घड्याळाच्या भिंतीमागची ओसरी, आखणीत आला. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जेवण टाकलं. सोपा वाचवायला एकच मार्ग होता: घड्याळ 'ऐतिहासिक व चालू स्थितीत' असल्याचा दाखला. (नुसतं ऐतिहासिक असून भागत नाही, तसे आमच्या पेठेत सगळेच आहेत.)

रंग उडाले होते. मी मीरासाब पेंटरना बोलावलं आणि आठ दिवस खुर्ची टाकून जातीनं देखरेख केली (झोप धरून). काम फार सुबक झालं. शेवटच्या संध्याकाळी ऊन गेलं, सावली मात्र तिथंच राहिली.

"सळई कुंचल्याच्या आड येत हुती, काढून ठेवली," मीरासाब म्हणाले. "आन् त्याआधी बघितलं तर सावली लई पुसट हुती मालक. पक्की केली की."

भिंतीवर कायमचे साडेदहा वाजले होते आणि पाहणी दुसऱ्याच दिवशी होती. तरी खरं सांगायचं तर ही सुधारणाच होती. जुनं घड्याळ पावसाळ्याचे चार महिने आणि रोज रात्री बंद असे. हे बारमाही चालणार होतं.

पाहणीची वेळ सकाळी साडेदहाची. अधिकारी गणपतराव आले पावणेदोनला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"किती वाजल्यात ह्यात?"

"साडेधा," आण्णा दाराची चौकट धरून म्हणाले.

गणपतरावांनी शर्टाची बाही मनगटावर ओढून घेतली. "मग बरोबर हाय की. मी येळंवर आलोय." आणि उभ्या उभ्या दाखला लिहिला: 'घड्याळ अचूक. पाहणी नियोजित वेळेत.'

सोपा वाचला. आण्णा त्या दिवशी दोनदा जेवले आणि मी कोपऱ्यात जाऊन थोडा रडलोसुद्धा.

तेव्हापासून उशीर झालेले नोकरदार वाट वाकडी करून आमच्या घरावरून जातात. गेल्या वर्षी मी ४१२ जणांची नोंद केली (त्यात २९० वेळा मीच). तुम्हाला हसू येत असेल. पण हे तुम्ही बहुधा कचेरीत बसून, कामाच्या वेळेतच वाचता आहात. सावकाश वाचा. साहेबांनी विचारलंच, तर आमचा पत्ता द्या. परवा तेही येऊन गेले.