अकरा घरांतली मोटार

वेग काढायला अंतर आणि काळ एवढ्या दोनच गोष्टी पुरतात, असं शाळेत शिकवतात. प्रयोगशाळेपुरतं ते खरं आहे. रस्त्यावर तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे सभासद. या तिसऱ्या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास आमच्या भागात सर्वांत आधी निपाणी-बेळगाव मोटार मंडळाने केला (स्थापना १९११), आणि त्याचं श्रेय मंडळाला अजून मिळालेलं नाही.

विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची मोटार निपाणीतल्या अकरा प्रतिष्ठित गृहस्थांनी मिळून घेतली आणि अध्यक्ष मारुतीराव यांच्या तंबाखूच्या वखारीत ठेवली. पहिल्याच रविवारी एक सभासद ती सासुरवाडीला दाखवून आणतो म्हणून संकेश्वरला गेले आणि नऊ दिवसांनी परत आले. "सासूबाईंनी आग्रह केला," हा त्यांचा खुलासा इतिवृत्तात आहे. आग्रह जावयाला झाला की मोटारीला, याची नोंद नाही.

त्यातून ठराव क्रमांक चार जन्माला आला. "मोटार सर्वांची आहे, सबब ती कोणाही एकास चालवता येऊ नये." याची अंमलबजावणी साधी होती. प्रत्येक सभासदाने मोटारीचा एक भाग काढून आपल्या घरी न्यायचा आणि तो कधीही नजरेआड करायचा नाही.

अध्यक्षांनी सुरू करण्याचं हँडल नेलं. चिटणीस बसवंत यांनी ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नेला आणि तो पावसाळ्यात सर्दू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला. स्टिअरिंगचं चक्र एकाकडे, उजवा दिवा दुसऱ्याकडे, मागच्या बैठकीची गादी तिसऱ्याकडे (हे गृहस्थ दुपारी तिच्यावर झोपत, झोपेत भाग नजरेआड होतो का, यावर दोन सभा झाल्या). एकाच्या वाट्याला पाण्याच्या टाकीचं पितळी झाकण आलं. झाकणाऐवजी धोतराचा बोळा चालतो हे सर्वांना माहीत होतं, पण ठरावात बोळ्याचा उल्लेख नव्हता. कंपनीच्या नावाची पट्टी ज्यांनी नेली ते ती कुणाला दाखवत नसत, त्यामुळे मोटार कोणत्या कंपनीची होती हे आज सांगता येत नाही. भावकू हे वयाने सर्वांत वडील. त्यांनी मान म्हणून पुढचं डावं चाक घेतलं. शेवटच्या सभासदाला भोंग्याचा रबरी गोळा उरला.

ठरावाचा परिणाम ताबडतोब दिसला. मोटार चोरीला जाण्याचं प्रमाण शून्यावर आलं. अपघात शून्य. जनावरं बुजणं शून्य. मुंबईच्या कोणत्याही मोटार क्लबाने आपले आकडे यांच्याशेजारी मांडून पाहावेत.

तरीही मंडळ सहली काढत असे. अकरा जण आपापला भाग घेऊन जमत, मोटार जोडली जाई, आणि भाग नजरेआड करायचा नसल्यामुळे अकराही जण तिच्याबरोबर निघत. मोटारीत जागा पाचांची. उरलेले सहा भरमूच्या बैलगाडीत बसत. मोटार मैलभर पुढे जाई, मग थांबून बैलगाडीची वाट पाही. निपाणी ते बेळगाव सत्तेचाळीस मैल. बैलगाडीला दोन दिवस लागतात. मोटारीसह हा प्रवास दोन दिवस आणि तीन तासांत होई (तीन तास जोडणीचे). मंडळाच्या एकूण एकोणीस सहलींपैकी चारांत मोटार स्वतःच्या बळावर पोचली, नवांत बैलांच्या, आणि सहांत पोचली नाही.

मंडळाच्या सेवाही सांगितल्या पाहिजेत. तवंदी घाटात "पुढे घाट आहे" असा फलक लावण्यात आला. फलक उचलून नेणारे चढावर दमले नाहीत म्हणून तो घाट संपल्यावर लागला. प्रवाशांसाठी मार्गपत्रिका छापली, तिच्यात प्रत्येक गावचे लोक मोटार ढकलायला आपणहून येतात, चहानंतर येतात, की नुसते बघायला येतात, हे तीन चिन्हांनी दाखवलं होतं. आणि "गरजू प्रवाशास मंडळाची मोटार देण्यात येईल" असं कलम होतं. तेवीस वर्षांत ते कुणीच वापरलं नव्हतं.

१९३४ च्या चैत्रात बायाक्का नावाची बाई हे कलम घेऊन वखारीत आली.

बायाक्का मारुतीरावांच्याच वखारीत तंबाखूची पानं निवडायची. तिची मुलगी अंजनी, पंधरा वर्षांची, मराठी फायनलच्या परीक्षेला बसली होती. पास झाली तर शाळेत मास्तरीण, नाही तर आईशेजारी पानं निवडायला. तिच्यासाठी तिसरा रस्ता नव्हता. केंद्र बेळगाव, पेपर बुधवारी अकराला. एरवी सर्व्हिस मोटार मिळाली असती, पण यल्लम्माची जत्रा होती आणि निपाणीतल्या सगळ्या मोटारी सौंदत्तीला गेल्या होत्या.

रविवारी सकाळी सभा भरली. दहा भाग हजर होते.

"चाक कुठं हाय?" मारुतीरावांनी विचारलं.

"भावकूअण्णांकडं," बसवंत म्हणाले.

"आणि भावकू?"

"अनगोळात. लेकीकडं. नातवाच्या बारशाला गेल्यात."

"चाक घेऊन?"

"ठरावच हाय तसा."

सभेत समाधान पसरलं. ठराव क्रमांक चार इतक्या काटेकोरपणे कुणी पाळल्याचं पूर्वी आढळलं नव्हतं. अडचण एवढीच होती की अनगोळ बेळगावला लागून आहे. म्हणजे बेळगावला जाण्यासाठी चाक हवं होतं, आणि चाक बेळगावला होतं.

तीन चाकांवर जाण्याचा विचार झाला. तीन पायांची तिपाई कधी डगमगत नाही, हे एका सभासदाने निदर्शनास आणलं. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. तिपाई बेळगावलाही जात नाही.

भरमू दाराशी तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "चाक आणाय म्या जातो की. दोन दिस जायाला, दोन यायाला."

बसवंतांनी हिशेब मांडला. चाक येण्यास चार दिवस, त्यानंतर मोटारीचा प्रवास दोन दिवस तीन तास, एकूण सहा दिवस तीन तास. परीक्षेला उरलेले दिवस तीन. सबब परीक्षा पुढे ढकलावी अशी विनंती करणारं पत्र लिहिण्याचं ठरलं. मजकुरावर संध्याकाळपर्यंत चर्चा झाली आणि सभा दुसऱ्या दिवसावर गेली.

सोमवारी सकाळी पत्र बेळगावला कुणी न्यायचं हा प्रश्न निघाला. भरमू नेईल, असं ठरलं.

तेव्हा इतका वेळ आईमागे उभी असलेली अंजनी बोलली. "भरमूअण्णा, तुम्ही बेळगावलाच जाणार न्हवं?"

"व्हय गं."

"गाडी रिकामी?"

"जाताना रिकामीच की."

"मग जाताना मी बसतो."

सूचना फार सोपी असल्यामुळे त्या सकाळी तिच्यावरच सर्वांत जास्त वेळ गेला. गाडी मंडळाच्या कामावर, मुलगी सभासद नाही. शिवाय तिने मोटारीसाठी अर्ज केला होता; बैलगाडी दिली तर अर्ज फेटाळल्यासारखं होईल आणि मंडळाची प्रतिष्ठा जाईल. शेवटी बसवंतांनी तोड काढली. रिकामी गाडी घाटात उधळते, सबब तिच्यात वजन असावं. अंजनीची नोंद "वजन, मण एक, किरकोळ" अशी झाली.

"एका अंगालाच वजन?" बायाक्का म्हणाली. "गाडी कलंडंल की. दुसऱ्या अंगाला म्या बसतो."

हेही शास्त्राला धरून होतं. मंजूर झालं.

चाक ताब्यात घेताना साक्षीदार हवेत म्हणून मारुतीराव हँडल घेऊन आणि बसवंत मॅग्नेटो घेऊन गाडीत चढले. दोघांचं मिळून वजन साडेचार मण होतं. त्याची नोंद नाही, कारण ते वजन म्हणून जात नव्हते. गाडी निघाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

तवंदीच्या पायथ्याशी येईपर्यंत बैल तोंडाला फेस आणून चालत होते. अंजनी मैलाचे दगड मोजत होती. मग ती आईला म्हणाली, "आई, ह्या चालीनं बुधवारी दुपारचं तीन वाजत्यात."

भरमूने मागे वळून पाहिलं आणि कासरा ओढला. "अण्णा, घाट हाय. बैलं दमल्यात. वाईच उतरा."

अध्यक्ष आणि चिटणीस उतरले. वजनं बसूनच राहिली. गाडी चढ चढून वर आली, "पुढे घाट आहे" हा फलक ओलांडला, आणि चालतच राहिली.

"भरम्या! थांब रं!"

"थांबतो की अण्णा! बैलं ऐकंनात!"

(हे बैल नऊ वर्षं मंडळाच्या सेवेत होते. त्यांनी न ऐकल्याचा दुसरा दाखला इतिवृत्तात सापडत नाही.)

"बायाक्का, त्यास्नी हात करा," भरमू म्हणाला. "मोठी माणसं हाईत. वाईट दिसतंय."

बायाक्काने हात केला. अध्यक्षांनीही हात वर केला. त्यात हँडल होतं.

बुधवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अंजनी केंद्राच्या दारात उतरली. परीक्षा पुढे ढकलण्याची विनंती करणारं पत्र तिने स्वतः तिथल्या शिपायाला दिलं आणि आत जाऊन पेपर लिहिला.

भरमू अनगोळला गेला. पाळण्याशेजारी चाक टेकून ठेवलेलं होतं. भावकू म्हणाले, "बैलगाडीला मोटारीचं चाक कसं देऊ रं? मोटार घेऊन या, लगेच देतो." ठराव पाहता त्यांचंही चुकलं नाही. चाक तिथेच राहिलं.

त्या वर्षीच्या अहवालात हा प्रवास यशस्वी म्हणून नोंदला आहे. वाहन: मोटार (गैरहजर). प्रवासी: नाहीत. वजनं: दोन, सुखरूप. एकोणीस सहलींमध्ये तो धरलेला नाही, कारण त्याला सहल म्हणावं की मालवाहतूक, यावर सभा शेवटपर्यंत चालू होती.

अंजनी पास झाली आणि निपाणीच्या मुलींच्या शाळेत लागली. १९४१ साली भोंग्याचा गोळा सांभाळणारे सभासद वारसाविना गेले, तेव्हा मंडळाने तो अंजनीबाईंना देऊन त्यांना पहिल्या स्त्रीसभासद करून घेतलं. भावकू तोवर चाकासह कायमचे अनगोळला राहायला गेले होते. अंजनीबाईंनी पहिल्याच सभेत सांगितलं, "सगळ्यांनी आपापला भाग आज या टेबलावर ठेवावा. भावकूअण्णांचं चाक भरमूअण्णा आणतील. एकदा मोटार जोडू, आणि परत सोडायची न्हाय."

टाळ्या पडल्या. सूचना एकमताने मंजूर झाली.

"पहिला भाग कुणाचा?" बसवंतांनी विचारलं.

सगळ्यांनी अंजनीबाईंकडे पाहिलं. गोळा त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग मारुतीरावांच्या हातातल्या हँडलकडे, आणि पिशवीचं तोंड घट्ट धरून त्या म्हणाल्या, "अध्यक्ष आधी."

शेवटची सभा १९४७ च्या ऑगस्टात झाली. देश सर्वांचा झाला, तशीच मोटारही सर्वांची आहे असं जाहीर करून भाग तूर्त ज्याच्या त्याच्याकडे राहावेत असं ठरलं. हे "तूर्त" अजून संपलेलं नाही. सांगाडा वखारीत कोंबड्यांच्या उपयोगी पडला.

मंडळाचे सभासद पुढे पांगले. बेळगाव, शहापूर, कोल्हापूर, कुणी पुण्याला. भाग वारसाहक्काने घरोघरी गेले. तेव्हा वाचकांनी उठून एकदा घर पाहावं. लोणच्याच्या बरणीवर पितळेचं जाड, आट्यांचं झाकण असेल. अडगळीत एक लोखंडी हँडल असेल, ज्याचा उपयोग कुणाला सांगता येत नाही. एखादी गादी असेल, जिच्यावर आजोबा कुणाला बसू देत नव्हते. ते मंडळाचं आहे. मोटार एकेकाळी बरी चालत होती, आणि सगळे भाग जमले तर आजही चालेल, असं माझं गणित सांगतं.

रबरी गोळा आईनंतर माझ्याकडे आला. रबर कडक झालं आहे, पण दाबला तर अजून थोडी हवा सुटते. मी तो जरूर देईन.

तुम्ही आधी आणा.