जयवंतीमावशींची बिनगोटाची गोधडी

डहाणूजवळ मसोलीत राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी शेजारच्या ओट्यावर मला दोन पाय दिसले. पायांत काळी पँट होती, पण पँटच्या वर माणूस नव्हता, गोधडी होती. गोधडी हलत होती, आतून कण्हतही होती. बाजूला एक सत्तरीच्या बाई कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "अजून आत जा! कोपरा गावला का?"

माझ्या हातातली बादली पडली.

थोड्या वेळाने गोधडीतून गॅस सिलिंडर पोचवणारा निघाला. घामाघूम, केसांत दोरे. त्याने रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकला आणि चालू लागला. बाईंची नजर माझ्याकडे वळली.

"नवीन भाडेकरू ना? हात मोकळे हायेत का?"

ह्या जयवंतीमावशी. पूर्वी डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकायच्या, आता गोधड्या शिवतात. गोधडीचे कच्चे काठ झाकायला चौफेर कापडी पट्टी लावतात, तिला गोट म्हणतात. मावशींना गोटाचं नावही खपत नाही. "गोट परकराला लावतात! गोधडीला काय वरातीत जायचंय?"

त्यांची रीत वेगळी. वरचं कापड आणि अस्तर सुलट्या बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचं, वर जुन्या साड्यांचे थर द्यायचे आणि कडेने मशीन मारायची. एका बाजूला माणसाचे खांदे जातील एवढं तोंड उघडं सोडायचं. मग त्या तोंडातून अख्खी गोधडी उशीच्या अभ्र्यासारखी सुलटी करायची. कच्चे काठ आपोआप आत जातात. बाळाचं दुपटं असं एकट्याला उलटता येतं. मावशींच्या गोधड्या मात्र डबल बेडच्या, जाडजूड. एकाने आत शिरून पलीकडचा कोपरा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून ओढायचं.

हा आत शिरणारा कोण, ते त्या वेळी रस्त्याने कोण जातंय त्यावर अवलंबून. पोस्टमन, रिक्षावाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळे आत जाऊन आलेले. मीसुद्धा त्याच सकाळी गेलो. आत अंधार, वर सात साड्यांचं ओझं आणि बाहेरून मावशींचा आवाज, "श्वास नंतर घ्या, आधी कोपरा!" बाहेर आलो तेव्हा समोर आलं घातलेला चहा आणि गरम पोहे. मग तासभर गप्पा. उठू देतील तर शपथ!

माणसांची पारखही त्या कोपऱ्यावरूनच करायच्या. एका साहेबांबद्दल म्हणाल्या, "कोपरा बोथट काढला. भरोसा ठेवू नका."

पण खरा हादरा बसला तो मेव्हणीच्या, सुनीताच्या, वेळी. तिला बघायला तलासरीहून मंडळी येणार होती. जीप थांबली, मुलगा पांढराशुभ्र शर्ट सावरत उतरला आणि शेजारून हाक आली.

"ए भाऊ, हात मोकळे हायेत का?"

आम्ही दारातून धावलो, तोवर कंबरेपर्यंत नवरामुलगा गोधडीत गेला होता. त्याच्या आईचा चेहरा पांढरा पडला. वडील एक पाय जीपमध्येच ठेवून थांबले. स्थळ गेलं, मी समजून चुकलो.

मुलगा बाहेर आला तो शिंकत. शर्टाचा बोळा झालेला. मावशींनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "सुईसारखा काढलाय. पोरगी देऊन टाका."

सुनीताला हसू आवरेना. मुलगाही हसायला लागला. लग्न झालं.

मावशींना गोट येतच नाही, म्हणून हा सगळा खटाटोप, असं आळीत सगळेच धरून चालले होते. मीही. परवा गोधड्यांना ऊन द्यायला त्यांची पत्र्याची पेटी बाहेर काढून दिली. तळाशी एक जुनी गोधडी निघाली. तिला चौफेर तांबडा गोट होता. दोन बोटं रुंद, एकसारखा, टाका दिसेल तर शपथ. कोपरे असे दुमडलेले की मी बघतच राहिलो.

"मावशी, ही कोणाची?"

"माजीच."

"तुम्हाला गोट येतो?"

"न यायला काय झालं?" त्या माझ्यावरच चिडल्या. मग गोधडी मांडीवर घेऊन बसल्या. "तेव्हा घर भरलेलं होतं. सासू, दीर, जावा, पोरं, ह्यांच्या बोटीवरची माणसं. दिवसभर नुसता कालवा. गोट घेऊन बसले की सांगायची, कोणी बोलू नका, टाका चुकेल. तेवढंच जरा एकटीला बसायला मिळायचं."

आता घरात त्या एकट्या. मुलगा वापीला, मुली त्याहून लांब.

"आता किती पण गोट लावत बसेन," त्या म्हणाल्या, "टाका चुकवायला कोण हाय?"

त्यांनी ती गोधडी परत तळाशी ठेवली. मशीनजवळ नवं कापड कापून ठेवलं होतं. ते पार दारापर्यंत पसरलेलं. एवढा मोठा पलंग अख्ख्या डहाणूत कोणाकडे नसेल.

"ही कोणासाठी, मावशी?"

"ते बगू मग," मावशी म्हणाल्या, आणि कापडाच्या टोकाकडे बघत खुशीत हसल्या. "पण उलटायला चार जण तरी लागतील."