टिळेकरांच्या उजव्या हाताचं मत

मोबाइलवरून घरचा कॉम्प्युटर चालवणारे साताऱ्यात आपण पहिलेच, असं पुरुषोत्तम टिळेकर छाती काढून सांगायचे. आणि लगेच, कॉम्प्युटरही आपल्याला चालवतो म्हणा, असं हळूच जोडायचे. दोन्ही खरं होतं.

झालं होतं एवढंच, की जोडणी करताना मोबाइलनं विचारलं, घरच्या कॉम्प्युटरचा ताबा तुम्हाला हवा का? टिळेकरांनी ‘हो’ दाबलं. मग विचारलं, तुमचा ताबा कॉम्प्युटरला द्यायचा का? आता टिळेकरांच्या घरातून शेजारची वाटी कधी रिकामी परत गेलेली नाही. काही नसलं तर चार शेंगदाणे तरी घालतात. नुसतं घ्यायचं आणि द्यायचं काहीच नाही, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी पुन्हा ‘हो’ दाबलं. तेव्हापासून घरी माऊस जिकडे सरकेल तिकडे टिळेकरांचा उजवा हात सरकायचा, मग ते कुठंही असोत. त्यांच्या पत्नी शालनताई कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसल्या, की टिळेकर मंडईत उगाच भोपळ्यांवरून हात फिरवत राहायचे. भाजीवाल्यांनाही सवय झाली होती. वहिनींचा डाव संपेपर्यंत ते तराजूला हात लावत नसत.

रविवारी सोसायटीच्या अध्यक्षाची निवडणूक होती. टिळेकरांना ते पद इतकं हवं होतं, की आभाराचं भाषण त्यांनी आधीच पाठ केलं होतं. निवडून आलो की गच्चीला कुलूप, हे त्यांचं वचन. गच्चीवर बायका कुरडया वाळत घालतात, त्यानं इमारतीची शोभा जाते, हा त्यांचा मुद्दा. विरुद्ध उभे होते मोहिते. त्यांच्याकडे मुद्दा नव्हता, पण त्यांना कुरडया आवडायच्या. मत फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचं, त्यामुळे सभेला झाडून सगळे पुरुषच आले होते. टिळेकरांनी घरोघर चहा पिऊन अंदाज काढला होता: आपलं स्वतःचं मत धरून आपण एका मतानं येतो.

सेक्रेटरी कुंभोजकरांनी वर घराघरांत ऐकू जाईल अशा आवाजात मोहित्यांच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. टिळेकरांचा उजवा हात वर गेला.

खुद्द मोहिते खुर्चीतून अर्धे उठले. टिळेकर तोंड उघडं टाकून आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हातातला मोबाइल डोळ्यांसमोर धरला. घरचा पडदा त्यात दिसत होता आणि माऊसचा बाण पार वरच्या कडेला जाऊन बसला होता. त्यांनी अंगठ्यानं बाण खाली ओढला. हात खाली आला. बाण वर गेला. हात वर गेला.

कुंभोजकरांनी पेन ठेवलं.

“टिळेकर, काय ते एकदा ठरवा. मला मोजायचंय.”

“हा हात माझा नाही.”

“खांद्याला तर तुमच्याच दिसतोय.”

“खांद्यापर्यंत माझा. पुढचा घरच्या ताब्यात आहे.”

कुंभोजकरांनी चष्मा लावून उपविधी चाळले. हात सभासदाचा असावा, एवढंच त्यात होतं. तो उचलायचा कुणी, याबद्दल काही दिलेलं नव्हतं. सभेला हे पटलं. मात्र ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांना एकदा विचारून घ्यावं, असं मोहित्यांनीच मोठ्या मनानं सुचवलं. टिळेकरांनी डाव्या हातानं घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“शालन, अगं माऊस सोड. मी पडतोय इथं.” “तू? माझ्या विरोधात?”

उजवा हात जराही हलला नाही.

“लग्न झाल्यापासून बघतेय तुमचा हात,” शालनताई म्हणाल्या. “जेवल्यावर स्वतःचं ताटसुद्धा कधी त्यानं उचललं नाही. आज पहिल्यांदा माझ्या मनासारखा वर गेलाय, तर म्हणे खाली घे. कुंभोजकर भाऊजी, मोजा तुम्ही.”