सावद्याच्या केळीबागेत फौजी गाडी शिरली त्याची हकीकत

श्री. तापीकाठी सावदे कसब्यात राजश्री चुडामणनाना, केळीबागेचे खासे धनी, यांणी फौजी गाडी हस्तगत केली, त्याची हकीकत लिहिली ऐसीजे. यात कोठे पदरचे अधिक दिसले, तर ते गाडीने आपले अंगे वाढविले, लिहिणाराचा इलाज नाही.

नानांचे बागेत घड भरले, आणि ऐन समयी ट्रॅक्टराने दगा दिला. घड हिरवा असता कापावा आणि व्यापाऱ्याचे ट्रकात घालावा, हा मुलखाचा दस्तूर. बागेत पिवळा पडला तर बकरीसुद्धा भाव विचारीत नाही. मग ओट्यावर मसलत बैसली. नानांचा हुकूम जाहला की, गाडी स्वस्त पाहिजे, चिरंजीव नवीनरावांचा अर्ज पडला की, चिखलात हत्तीसारखी चालली पाहिजे, आणि घरधनीण बेबाबाई चुलीपासून गर्जल्या, "स्वस्त अन् जोराची पाहता पाहता केळं पिकतीन, मंग शिकरण करजा साऱ्या गावाले!"

मग नाना चिरंजीवांसह धुळियास कूच करून गेले. तेथे मोईजशेठ, लिलावात सुटलेल्या लष्करी गाड्यांचे सौदागर, यांशी घासाघीस करून एक गाडी मातीमोल पदरात पाडली. नाना तैसेच परतते, तर फत्ते तेव्हाच होती. परंतु नवीनरावांणी दोहों बाजूंस रुंद लोखंडी फाळके मागितले, आणि मग हत्तीचे सोंडेसारखा भोंगा मागितला. शेठांणी बागेतील वाटेची रुंदी पुसता नानांणी कमरेची गाठीची दोरी काढून दिली. तिचे माप लागणीचे दिवशी, रोपे वीतभर असता धरलेले. मोईजशेठ वदले, "नाना, जरा सबर करा. गाडी नाही, किल्ला देतो बांधून!"

किल्ला बांधता दिवस गेले, आणि इकडे घड फुगून वाटेवर ओणवे जाहले. मग गाडी वाजतगाजत बागेचे तोंडी आली आणि तेथेच अडली. पुढे रेटावी तर फाळके घडास घासून डाग पडतो. सडकेवर व्यापाऱ्याचा मुकादम उखर्डू ओरडला, "नाना, थांबू का जाऊ दुसऱ्याच्या बागेत?" नानांणी पुन्हा दोरी धरून पाहिली. दोरी पाहावी तर बरोबर, वाट पाहावी तर नाही.

ते समयी बेबाबाई पदर खोचून पुढे जाहल्या आणि फर्मान सुटले, "काढा ते फाळके! अन् वाटेवरचे घड पह्यले कापा, वाट आपोआप उघडीन."

नवीनराव म्हणाले, "आई, मंग गाडीचा रुबाब?"

"रुबाब ट्रकात भरता येते का रे भो?"

मग पाने पाडून गाडीत गादी केली आणि पुढचे घड कापीत, मागून गाडी लोटीत, ओळीमागून ओळ काबीज केली, आणि दिवस मावळता ट्रक हिरवा भरला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फाळक्यांचा बकरीस गोठा केला. मोहिमेत एकच घड पिवळा सापडला. तो बकरीने भाव न विचारता खाल्ला.